बंगशांचा मुलूख आणि एक वाट



बंगश हे नाव ऐकले नाही असा मराठी शाळेतून शिकून बाहेर पडलेला मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. म्हाताऱ्या छत्रसालास जेरीस आणणारा, आणि मग १७२९ साली जैतपुरात स्वतःच बाजीरावाच्या वेढ्यात सापडून, बुंदेलखंडाकडे पुन्हा वाकड्या नजरेने पाहणार नाही असे कबूल करून सुटलेला महंमदखान बंगश आपण लहानपणीच ओळखीचा करून घेतला. पुढे पानिपतावर त्याचाच मुलगा अहमदखान अब्दालीच्या पक्षास होता, हेही पुष्कळांस ठाऊक असेल. सरोदाच्या मैफलींना जाणाऱ्यांस सांगावयास नकोच की अमजद अली खाँ यांचे घराणे आपली वंशवेल बंगशांपर्यंतच नेते. इतके सगळे ठाऊक असून बंगश म्हणजे काय, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? जोशी, देशमुख यांसारखे ते एक आडनाव असावे, एवढ्यावर आपले समाधान झाले. वस्तुतः ते एका पठाण जमातीचे नाव आहे, आणि मोगल दप्तरांत त्याच नावाने एक अख्खा मुलूख नोंदलेला आहे. ज्याच्या वंशजांशी आपल्या पूर्वजांनी तलवार लावली, ज्याच्या वंशजांचे वादन आपण डोळे मिटून ऐकले, तो मुलूख कोठे आहे, तेथे आज कोण राहते आणि कसे राहते, हे आज आपल्यापुढे मांडावे असा माझा विचार आहे.

प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. तो प्रदेश मी पाहिलेला नाही. तेथे जाण्याचा परवाना आपणांपैकी कोणास सहजासहजी मिळेल असे दिवसही नाहीत. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते भूगोलाचे अध्यापक होते, आणि फळ्यावर आधी नदी काढल्यावाचून ते कोणत्याही देशाविषयी एक वाक्य बोलत नसत. त्यांचा तो शिरस्ता आज पाळतो, म्हणजे न पाहिलेल्या गावाचा रस्ता सांगण्याचे माझे धार्ष्ट्य आपण पोटात घालाल.

तर आधी नदी. तिचे आजचे नाव कुर्रम, पण आपल्या पूर्वजांच्या परिचयाचे नाव क्रुमु. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नदीसूक्तात गंगेपासून आरंभ करून पश्चिमेकडे सरकत जाणारा ऋषी सिंधूच्या पलीकडच्या नद्यांपर्यंत पोहोचतो, तेव्हा कुभा म्हणजे काबूल नदी आणि गोमती म्हणजे गोमल यांच्या जोडीला ही क्रुमु येते. संध्येच्या वेळी गंगा, यमुना, गोदावरी यांना तांब्यात बोलावणाऱ्या आपल्या आजोबांनी क्रुमूला मात्र कधी बोलावले नाही. त्या अर्थाने ती आपल्या घरची विसरलेली नदी आहे. अफगाणिस्तानातील पहाडांत ती उगम पावते, खरलाचीपाशी आजची सरहद्द ओलांडते, आग्नेयेस वाहत सद्दा आणि थल या गावांवरून जाऊन बन्नूच्या सपाटीत उतरते आणि अखेर सिंधूस मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यास तिचेच नाव पडले असून पाकिस्तानच्या खैबर पख्तूनख्वा प्रांतातील तो आज कुर्रम नावाचा जिल्हा आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,३८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. आणि २०१७ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती सुमारे ६ लाख २० हजार.

आता डोंगर. खोऱ्याच्या उत्तरेस एखाद्या राजवाड्याच्या तटासारखी जी रांग उभी आहे तिला फारसीत सफेद कोह आणि पश्तूत स्पीन घर म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, पांढरा पहाड. तिचे सर्वांत उंच शिखर सिकाराम हे साडेपंधरा हजार फुटांच्याही वर गेलेले आहे. याच रांगेच्या उत्तरेकडील उतारावर ते तोरा बोरा आहे, ज्याचे नाव डिसेंबर २००१ मध्ये जगातील प्रत्येक वृत्तपत्राने छापले. या पहाडाचे बर्फ वितळून जे ओढे दक्षिणेस उतरतात त्यांवर वरच्या कुर्रमची शेती उभी आहे. पठाणी मुलूख म्हटला की उघडेबोडके खडक, धूळ आणि बंदूक खांद्यावर टाकलेला दाढीवाला असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. वरच्या कुर्रममध्ये मात्र भाताची खाचरे आहेत, गहू आणि मका आहे, सफरचंद व अक्रोड यांच्या बागा आहेत. जिल्ह्याचे मुख्य ठाणे पाराचिनार हे साडेपाच हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले आहे, आणि त्याच्या नावातला चिनार हा खरोखरीचाच चिनार वृक्ष आहे, ज्याच्या छायेत वडीलधारी मंडळी जमून निवाडे करीत अशी तिकडची समजूत आहे. खाली सद्दा, अलीझई या बाजूस उतरावे तसतसे पाणी आटते, उन्हाळा वाढतो, डोंगर रुक्ष होतात. मधले कुर्रम तर नुसते घड्यांवर घड्या पडलेले डोंगर.

परंतु नदी आणि डोंगर यांच्यापेक्षाही या जिल्ह्याची आकृती अधिक बोलकी आहे. नकाशावर पाहा: पाकिस्तानची पश्चिम सीमा येथे एकाएकी अणकुचीदार होऊन अफगाणिस्तानच्या पोटात शिरते. या टोकाला पोपटाची चोच असे नाव पडले आहे. चोचीच्या टोकापासून काबूल हवाई अंतराने सुमारे शंभर किलोमीटर. पेशावरास मात्र सडकेने वळसे घेत जावयाचे तर अडीचशेच्या आसपास. म्हणजे हे खोरे ज्या राज्याचा भाग आहे त्याच्या शहरांपेक्षा दुसऱ्या राज्याच्या राजधानीस अधिक जवळ. पश्चिमेस पेवाड कोतल आणि त्यापुढे शुतुरगर्दन, म्हणजे उंटाची मान, या घाटांनी ते काबूलकडे उघडे आहे. पूर्वेस मात्र एकच वाट, थलची. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे मी जे काही सांगणार आहे ते सारे या एका वाटेवरून चालत येणार आहे.

हे खोरे पूर्वी कोपरा नव्हते, दिंडी होते. काबूलहून हिंदुस्थानात उतरावयाचे तर खैबर हा राजमार्ग, पण घाईच्या किंवा गुप्त पाहुण्यास कुर्रमची बाजू सोयीची. १५०५ मध्ये बाबर प्रथम या बाजूस उतरला तेव्हा कोहाटास पोचून तो बंगशांच्या मुलुखातून बन्नूकडे गेला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मागाहून तुरी नावाची, मूळची फिरस्ती, पठाण जमात आली आणि वरच्या खोऱ्यातील बंगशांना हटवून ती तेथली मालक झाली. बंगश राहिले, पण खालच्या अंगास. आणि त्यांतील साहसी लोक हिंदुस्थानात नशीब काढावयास निघाले. अशाच एका कुटुंबात जन्मलेल्या महंमदखानाने १७१४ मध्ये फर्रुखसियर बादशहाच्या नावाने फर्रुखाबाद वसविले. जैतपुरात बाजीरावाने ज्यास गाठले तो हाच.

तुरींविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे काही कळावयाचे नाही. पठाणांच्या असंख्य जमातींत संपूर्णपणे शिया पंथाची अशी जमात एकच, ती तुरी. बंगशांत शिया आहेत आणि सुन्नीही आहेत. भोवतालचे मंगल, मुकबिल, पारा चमकनी, झैमुश्त हे सुन्नी. म्हणजे वरच्या खोऱ्यातील सुपीक जमीन ज्यांच्या हाती, ते चोहोबाजूंनी भिन्न पंथाच्या शेजाऱ्यांनी वेढलेले. तुरींच्या पाच शाखा, त्यांत आणखी सय्यदांचे अनुयायी आणि विरोधक असे तट; तेव्हा ते आपसांतही काही गुण्यागोविंदाने नांदत होते असे समजू नका. चुलतभावाचे वैर ही पठाणी मुलुखातील शेतीइतकीच जुनी गोष्ट आहे. (आपल्याकडील भाऊबंदकीचे दावे ज्यांनी कोर्टात चालविले आहेत असे काही वकीलमित्र पुढच्या रांगेत बसलेले दिसतात, त्यांस हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही.)

मग इंग्रज आले. १८७८ च्या नोव्हेंबरात दुसरे अफगाण युद्ध पुकारले गेले, आणि जनरल रॉबर्ट्स याच्या हाताखाली एक फौज थलवरून या खोऱ्यात शिरली. पेवाडच्या घाटमाथ्यावर अफगाणांच्या तोफा रोखलेल्या. रॉबर्ट्सने समोर तळ ठोकून हुलकावणी दिली आणि रात्रीच्या अंधारात बगलेच्या एका दुसऱ्या घाटाने चढून २ डिसेंबरला शत्रूची कोंडी केली. या रात्रीच्या कूचेतील एक प्रसंग मला नेहमी विचारात पाडतो. वाट अर्धी चालून झाली असेल तोच फौजेतील पंजाबी पलटणीच्या पठाण शिपायांनी अंधारात दोन बार काढले. वर बसलेल्या अफगाणांना सावध करण्यासाठीच ते काढले असे ठरून त्यांच्यावर मागाहून खटला चालला आणि एकास फाशी झाली. त्या शिपायास आपण राजद्रोही म्हणावे काय? पगार एकाचा, पंथ आणि रक्त दुसऱ्याचे, आणि मध्ये एक डोंगर: या मुलुखातील माणसाच्या वाट्यास हा पेच त्यानंतर पिढ्यान् पिढ्या आला आहे.

१८७९ च्या मे महिन्यात गंदमकचा तह होऊन पिशीन आणि सिबी यांच्याबरोबर कुर्रमही इंग्रजांच्या अंमलाखाली गेले. वर्षभराने इंग्रज ते सोडून निघूनही गेले आणि तुरींना आपापले पाहा म्हणून सांगते झाले. पण एका बाजूस सुन्नी अमीर अब्दुर रहमान, दुसऱ्या बाजूस लुटारू शेजारी. तुरींनीच पुन्हा विनवणी केली आणि १८९२ मध्ये इंग्रज अंमल परत आला, त्याच वर्षी कुर्रम मिलिशिया नावाची स्थानिक शिबंदी उभी राहिली. परक्या सत्तेस आपण होऊन बोलावणारी पठाण जमात! सरहद्दीच्या इतिहासात हा चमत्कारच; पण चोहोकडून वेढलेल्या माणसाने दूरचा धनी पत्करावा यात वास्तविक नवल ते काय? पुढच्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १८९३ रोजी, काबुलात इंग्रजांचा वकील ड्युरँड आणि अमीर यांनी त्या प्रसिद्ध रेषेचा करार केला. पेवाडच्या माथ्यावरून गेलेल्या या रेषेने दिंडी हळूहळू बंद होऊ लागली, आणि जो मार्ग होता तो कोपरा झाला.

त्या कोपऱ्यातील आणखी एक तारीख सांगण्यासारखी आहे. १९१९ च्या मे महिन्यात, तिसऱ्या अफगाण युद्धात, पुढे अफगाणिस्तानचा राजा झालेला नादिरखान थलच्या ठाण्यास वेढा घालून बसला होता. १ जूनला एका ब्रिगेडने येऊन तो वेढा उठविला. त्या ब्रिगेडचा अधिपती कोण होता म्हणाल? जनरल डायर. जालियनवाला बागेस तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

इंग्रजांनी येथे राज्य कसे केले? १९०१ चा सरहद्द गुन्हे कायदा हा त्याचा पाया. पोलिटिकल एजंट हाच मामलेदार, हाच न्यायाधीश, हाच सेनापतीचा सल्लागार. मलिकांना, म्हणजे जमातीच्या प्रमुखांना, तनखा द्यावयाचा आणि त्यांच्याकडून जमात ताब्यात ठेवावयाची; आणि एकाने गुन्हा केला तर साऱ्या जमातीस दंड, साऱ्या जमातीचा माल जप्त, वाटेल तो इसम अटकेत. या कायद्याविषयी तिकडचे लोक म्हणत असत की त्यात ना अपील, ना वकील, ना दलील. राज्य गेले, पण कायदा राहिला. १९४७ नंतरचे स्वतंत्र राष्ट्र तो जसाच्या तसा वापरीत राहिले. सामान्य माणसास मताचा अधिकार मिळावयास १९९७ ची निवडणूक उजाडावी लागली, आणि कायदा रद्द होऊन हा मुलूख इतर जिल्ह्यांसारखा जिल्हा झाला तो २०१८ च्या मे महिन्यात. एकशे सतरा वर्षे! परकीयांनी सोय म्हणून केलेली व्यवस्था स्वकीयांनी सवय म्हणून चालविली, याहून कडक शब्द मला वापरता आला असता, पण आपल्याकडील काही कायद्यांची आठवण होऊन मी तो आवरतो.

कायद्याच्या खाली, कायद्याहून जुना, जिरगा आहे. वडीलधारी माणसे वर्तुळात बसतात. वर्तुळास डोके नसते, म्हणून तेथे अध्यक्षही नसतो. (क्षमा असावी, अध्यक्षमहाराज.) भांडण हाताबाहेर गेले की जिरगा तीगा ठेवतो. तीगा म्हणजे दगड. तो ठेवला की अमुक मुदतीपर्यंत कोणी कोणावर हत्यार उचलावयाचे नाही, आणि जो उचलील त्याने जबर दंड भरावयाचा. ध्यानात घ्या: दगड ठेवला की तंटा मिटला असे नव्हे, तंटा थांबला इतकेच. जमीन कोणाची हा प्रश्न दगडाखाली तसाच जिवंत राहतो.

आणि जमीन हेच तर मूळ आहे. शेजारच्या कित्येक टोळीमुलखांत जमिनीचे कागद कधी झालेच नाहीत. कुर्रममध्ये मात्र इंग्रजी अमदानीत जमाबंदी झाली, आणि तिकडची माणसे आजही ‘कागजात-ए-माल’ हा शब्द आपल्याकडील शेतकऱ्याच्या सात-बाराइतक्याच निष्ठेने उच्चारतात. मग तंटे का मिटत नाहीत? कारण कागदावर एक, वहिवाटीत दुसरे. डोंगर, जंगल, चराई ही सामाईक, म्हणजे शामिलात, आणि शामिलातीचा वाटा कोणत्या गावाचा किती यावर दोन पिढ्या गोळीबार करू शकतात. जुलै २०२४ मध्ये बोशेरा आणि मालीखेल या दोन शेजारगावांमधील एका जमिनीच्या तुकड्यावरून लढाई पेटली आणि पाहता पाहता ती जिल्हाभर पसरून चाळिसांवर माणसे मेली. एक गाव सुन्नी, एक गाव शिया. वर्तमानपत्रांनी लिहिले: पंथीय दंगल.

ती पंथीय दंगल होती काय? माझे उत्तर असे की, होती आणि नव्हती. तंटा जमिनीचा, पाण्याचा, जंगलाचा. पण तो सुरू झाला की माणूस आपल्या बाजूस कोणास हाक मारतो? पूर्वी तो आपल्या शाखेस, आपल्या जमातीस हाक मारी. १९७९ नंतर अफगाण निर्वासितांचे लोंढे या चोचीत उतरले, रशियनांविरुद्धच्या युद्धाचे तळ येथे पडले, दूरदूरच्या राजधान्यांतून पैसा आणि हत्यारे आली, आणि त्यांच्याबरोबर ही शिकवणही आली की हाक पंथाच्या नावाने मारावी. १९८७, १९९६, २००७: प्रत्येक उद्रेक मागच्याहून मोठा. हाक बदलली की लढाईची लांबीरुंदी बदलते. बांधावरून भांडणाऱ्या दोन कुटुंबांत समेट घडविता येतो. दोन पंथांत समेट कोणत्या पंचांनी घडवावयाचा?

आणि आता मी त्या एका वाटेवर येतो. वरच्या कुर्रमच्या लोकांस पेशावरास जावयाचे तर खालच्या कुर्रममधून, सुन्नी वस्त्यांवरून, थलकडे उतरल्यावाचून गत्यंतर नाही. वरच्यांच्या हाती पाणी, खालच्यांच्या हाती वाट: साऱ्या जिल्ह्याचे राजकारण मला या एका वाक्यात दिसते. एप्रिल २००७ मध्ये लढाई पेटली आणि ही सडक बंद पडली. २००८ मध्ये मरी येथे समेट झाला तरी २०११ पर्यंत ती नीट उघडली नाही. या काळात पाराचिनारचा मनुष्य पेशावरास कसा जाई? तो पश्चिमेस अफगाणिस्तानात शिरे, गर्देझवरून काबूल गाठी, तेथून जलालाबाद, तेथून तोरखम आणि मग खैबर घाट उतरून पेशावरास येई. आपल्याच देशातील एका गावाहून दुसऱ्या गावास जावयास परक्या देशाची राजधानी ओलांडावयाची! साताऱ्याच्या माणसाने कोल्हापुरास जाताना हैदराबादचा वळसा घ्यावा, आणि हैदराबाद परराष्ट्रात असावे, अशी कल्पना करा. पेवाडची जी दिंडी १८९३ ने बंद करावयास घेतली होती, ती चार वर्षे पोटाच्या आणि जिवाच्या गरजेने पुन्हा उघडली. पुढे सरहद्दीवर तारेचे कुंपण उभे राहिले. ती सोयही आता उरली नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात सुन्नी प्रवाशांच्या वाहनांवर हल्ला झाला आणि सडक पुन्हा बंद झाली. २१ नोव्हेंबरला बंदोबस्ताखाली निघालेल्या सुमारे दोनशे वाहनांच्या तांड्यावर खालच्या कुर्रममधील बागन गावाच्या परिसरात गोळीबार होऊन चाळिसांहून अधिक शिया प्रवासी मारले गेले. त्यात स्त्रिया होत्या, मुले होती. दुसऱ्याच रात्री बागनचा बाजार जळाला. त्यानंतर कित्येक आठवडे पाराचिनार कडाक्याच्या थंडीत कोंडून राहिले. पीठ महागले, पेट्रोल संपले, इस्पितळातील औषधे हेलिकॉप्टरने न्यावी लागली. भातशेतीचे, सफरचंदांचे ते खोरे. आणि तेथे माणसे भाकरीवाचून!

१ जानेवारी २०२५ रोजी कोहाट येथे मोठ्या जिरग्यात दोन्ही पक्षांनी चौदा कलमांचा करार केला: खाजगी हत्यारे सरकारात जमा करावयाची, मोर्चे पाडावयाचे, सडक खुली ठेवावयाची. ४ तारखेस सडक उघडण्याच्या बोलण्यासाठी गेलेले जिल्ह्याचे मुख्य अधिकारीच बागनजवळ गोळी लागून जखमी झाले, आणि धान्याने, औषधांनी भरलेल्या मालमोटारी थलपाशी अडकून पडल्या. पहिला तांडा ८ तारखेस पाराचिनारास पोचला. १६ तारखेस, त्याच बागनजवळ, पुढच्या तांड्यावर पुन्हा गोळीबार झाला.